फार्मासिस्ट कुठे रमतो, कुठे कंटाळतो, आणि का

बारावीनंतर दोन वर्षांचा डी. फार्म. किंवा चार वर्षांचा बी. फार्म. करायचा, राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी करायची, आणि तिथून वाटा फुटतात. कुणी तालुक्याच्या गावी मेडिकलच्या काउंटरवर उभा राहतो. कुणी मोठ्या हॉस्पिटलच्या फार्मसीत लागतो, कुणी प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी होतो, कुणी औषध कंपनीत क्यूएला, म्हणजे गुणवत्ता विभागात जातो, तर कुणी बॅग घेऊन एमआर म्हणजे कंपनीचा विक्री प्रतिनिधी म्हणून डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये बसतो. शिकलेलं बरंचसं तेच. तरी दहा वर्षांनी बॅचचे लोक भेटले की एकजण कामाबद्दल भरभरून बोलतो आणि दुसरा 'चाललंय' म्हणून विषय बदलतो. हा फरक स्वभावाचा, असं आपण धरून चालतो. थोडा असेलही. पण त्यातला मोठा भाग कामाच्या जागेतून येतो, आणि तो उलगडून बघता येतो.

माझं म्हणणं आधीच मांडून ठेवतो. फार्मासिस्टच्या समाधानात पगाराचा वाटा आहेच, पण त्याहून मोठा वाटा एका साध्या गोष्टीचा आहे: चुकीचं औषध थांबवायची मुभा त्याला आहे का? त्याच्या 'थांबा, हे बरोबर नाही' या शब्दाला त्या जागी वजन आहे का? जिथे आहे तिथे माणूस दगदग सोसूनही टिकतो. जिथे नाही तिथे तो हळूहळू नुसता पुड्या देणारा होतो.

समाधान आणि तक्रार नसणं, या दोन गोष्टी

नोकरीतलं समाधान मोजायची नेहमीची पद्धत म्हणजे प्रश्नावली. पगार, कामाचे तास, वरिष्ठांची वागणूक, बढती, कामाचं स्वरूप अशा प्रत्येक बाबीवर 1 ते 5 मध्ये गुण द्यायचे आणि बेरीज करायची. सोपं आहे, पण या बेरजेत एक घोळ होतो.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे 200 इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं होतं की कामात फार छान वाटलं असे प्रसंग सांगा आणि फार वाईट वाटलं असेही सांगा. 1959 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. वाईट वाटण्याच्या प्रसंगांत पगार, साहेब, कंपनीचे नियम, कामाची जागा या गोष्टी वारंवार येत होत्या. छान वाटण्याच्या प्रसंगांत मात्र वेगळ्याच गोष्टी दिसल्या: काहीतरी जमलं, कुणी दखल घेतली, जबाबदारी मिळाली, शिकायला मिळालं. म्हणजे पगार वेळेवर आणि पुरेसा झाला की माणसाची तक्रार मिटते, पण तेवढ्यानं त्याला काम आवडायला लागत नाही. या मांडणीवर आक्षेपही आहेत. चांगलं झालं की श्रेय स्वतःला आणि वाईट झालं की दोष परिस्थितीला, ही माणसाची सवयच आहे, तेव्हा उत्तरं तशी येणारच, असं टीकाकार म्हणतात. आक्षेप रास्त आहे. तरी फार्मासिस्टांचं बोलणं ऐकताना ही विभागणी मला फार उपयोगी पडते.

दुसरी मांडणी रॉबर्ट करासेक यांची, 1979 सालची. कामाचा ताण नुसता कामाच्या ओझ्यानं ठरत नाही, असं ते सांगतात. ओझं किती आणि ते पेलताना आपले निर्णय आपल्याला घेता येतात किती, या दोहोंचा मेळ बघायचा. ओझं जास्त आणि मुभाही जास्त, तर काम कठीण असूनही माणूस त्यात वाढतो. ओझं जास्त आणि मुभा शून्य, तर तो पिचतो. ओझंही नाही आणि मुभाही नाही, तर शिकलेलं गंजत जातं. फार्मसीच्या जवळपास प्रत्येक जागेला यातला कुठला ना कुठला प्रकार लागू पडतो.

काउंटरच्या आत

मेडिकल दुकान हे सगळ्यांना दिसणारं रूप, म्हणून तिथे जरा जास्त थांबू.

रात्री साडेआठची वेळ. काउंटरवर सहा-सात माणसं. एकाला बीपीच्या गोळ्या महिन्याच्या हव्यात, एकीला डायपर, एकाचा मोबाइलवर चिठ्ठीचा धूसर फोटो. तेवढ्यात एकजण रिकामी स्ट्रिप पुढे करतो: 'ही सेफिक्झीमची तीन द्या, घसा दुखतोय. मागे यानंच बरं वाटलं होतं.' चिठ्ठी नाही. सेफिक्झीम हे शेड्यूल एच-वनमधलं औषध. 1 मार्च 2014 पासून लागू असलेल्या या यादीतलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही, आणि दिलं की डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि नग वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. फार्मासिस्टला हे पाठ असतं. तीन गोळ्यांनी कोर्स पूर्ण होत नाही, बहुतेक घसेदुखी विषाणूंमुळे असते आणि तिच्यावर प्रतिजैविक चालतच नाही, हेही माहीत असतं. तो 'चिठ्ठी आणा' म्हणतो. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानाकडे बोट दाखवतं. मग मालक गल्ल्यावरून म्हणतो, 'अरे, देऊन टाक.'

या एका वाक्यात त्याच्या शिक्षणाचं काय झालं ते बघा. तो चुकला नव्हता. कायदा त्याच्या बाजूनं होता, शास्त्रही होतं. तरी गोळ्या गेल्या, आणि त्या त्याच्याच हातून गेल्या. असं दिवसातून चार वेळा झालं की वर्षभरात माणूस विचारणंच सोडून देतो. बाहेरून बघणाऱ्याला तो आळशी किंवा बेफिकीर वाटतो. आत मात्र बऱ्याच दिवसांची झटापट होऊन गेलेली असते.

मग तोच फार्मासिस्ट स्वतः मालक असेल तर? चित्र बदलतं. 'नाही' म्हणायचा निर्णय त्याचा, आणि तोटाही त्याचा. जुन्या वस्तीतले, पंधरा-वीस वर्षं एकाच जागी दुकान चालवणारे बरेच फार्मासिस्ट कामाबद्दल आपुलकीनं बोलतात. आजोबांना मधुमेहाची कुठली गोळी कधीपासून चालू आहे, सुनेला कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे, हे त्यांना तोंडपाठ असतं. 'डॉक्टरांनी नवीन गोळी दिलीय, जुनीसोबत चालेल ना?' असं विचारायला माणसं त्यांच्याकडे येतात. हर्झबर्गच्या यादीतली दखल ती हीच. परदेशातल्या पाहण्यांमध्येही स्वतःचं दुकान असलेले फार्मासिस्ट मोठ्या साखळी दुकानांतल्या नोकरदारांपेक्षा जास्त समाधानी असल्याचं वारंवार दिसतं, तास जास्त असूनही.

मालकाला चिंता आहे ती पैशाची. सरकारनं किंमत बांधून दिलेल्या औषधांवर 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार किरकोळ विक्रेत्याचं मार्जिन 16 टक्के धरलेलं आहे. म्हणजे जीएसटी बाजूला ठेवला तर 100 रुपयांना पडलेलं औषध 116 ला विकायचं. आता नाक्यावर नवीन दुकान उघडतं आणि बिलावर सरसकट 10 टक्के सूट देतं. 116 वर 10 टक्के म्हणजे 11 रुपये 60 पैसे. उरले 4 रुपये 40 पैसे. त्यातून भाडं, वीज, फ्रीज, पोरांचे पगार आणि एक्सपायरीचा माल. किंमत बांधलेली नसलेल्या औषधांवर सुटतं ते थोडं बरं, रूढीनं 20 टक्क्यांच्या आसपास, पण ऑनलाइनवाल्यांची सूट त्यालाही गाठतेच. आणि या सगळ्या हिशेबात औषध समजावून सांगण्याला एक पैसाही नाही. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीत रुग्णाला औषधाची माहिती देणं हे फार्मासिस्टचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. त्या कामाचे पैसे कोण देणार, हा प्रश्न तसाच पडून आहे. फुकटात करायच्या कामाला गर्दीच्या वेळी कात्री लागते, हे कुणीही समजू शकेल.

याच दुकानात तिसराही एक फार्मासिस्ट असतो, आणि तो तिथे नसतो. त्याचं फक्त सर्टिफिकेट भिंतीवर लावलेलं असतं. 'मेडिकलला सर्टिफिकेट लावलंय' हे वाक्य महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 1948 च्या फार्मसी कायद्याच्या कलम 42 प्रमाणे नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणी चिठ्ठीवरची औषधं देऊ शकत नाही. लायसन्ससाठी नाव हवं, म्हणून नाव महिन्याच्या ठरावीक पैशांवर मिळतं. 2012 च्या सुमारास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना राज्यात याविरुद्ध जोरदार मोहीम निघाली. फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर कारवाई झाली, विक्रेत्यांच्या संघटना रस्त्यावर आल्या, आणि 'फार्मासिस्ट दुकानात लागतोच कशाला' हा वाद पहिल्यांदाच चौकाचौकात झाला.

सर्टिफिकेट भाड्यानं देणाऱ्याला दोष देणं सोपं आहे, आणि दोष आहेच. पण त्यामागचा एक हिशेब क्वचित बोलला जातो. दुकान सकाळी नऊला उघडतं आणि रात्री अकराला बंद होतं. हे चौदा तास झाले. या सगळ्या वेळात फार्मासिस्ट हजर हवा, आणि बहुतेक दुकानांच्या लायसन्सवर नाव एकाचंच. चौदा तास, आठवड्याचे सातही दिवस, एक माणूस उभा राहू शकत नाही. दुसरा फार्मासिस्ट परवडत नाही असं मालक म्हणतो, मग पहिल्यालाही कागदावर ठेवणं त्याला सोयीचं वाटतं. या सोयीमुळे जो खरोखर काउंटरवर उभा राहायला तयार आहे त्याच्या पगाराची बोलणी मुळातच खाली सुरू होतात, कारण त्याची स्पर्धा भिंतीवरच्या फ्रेमशी असते. माझ्या मते महाराष्ट्रातल्या दुकानी फार्मासिस्टच्या असमाधानाचं सगळ्यात खोल मूळ हेच आहे.

हॉस्पिटलमध्ये: एक फोन

हॉस्पिटलच्या फार्मसीत गर्दी कमी नसते. वॉर्डातून इंडेंट म्हणजे औषधांच्या मागण्या येत राहतात, डिस्चार्जची घाई असते, दिसायला आणि ऐकायला सारख्या नावांची औषधं शेजारच्या कप्प्यात जाऊ नयेत म्हणून डोळ्यांत तेल घालावं लागतं, रात्रपाळी असते. तरी इथले, विशेषतः ज्यांना वॉर्डात जायला मिळतं ते फार्मासिस्ट काम जास्त अर्थपूर्ण असल्याचं सांगतात. का, ते एका औषधावरून कळेल.

मेथोट्रेक्सेट. संधिवातात ही गोळी अगदी कमी मात्रेत आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. डिस्चार्ज कार्ड लिहिताना बाकीच्या सगळ्या गोळ्या 'रोज' असतात, त्या ओघात हिच्यापुढेही 'रोज एक' लिहिलं जातं. जगभरात घडलेली ही चूक आहे. रोज घेतली तर आधी तोंड येतं, मग अस्थिमज्जेवर परिणाम होऊन रक्तपेशी घटतात, आणि त्यात माणसं दगावलेली आहेत. आता कार्ड फार्मसीत आलं. फार्मासिस्टनं मेथोट्रेक्सेटसमोर 'रोज' पाहिलं आणि वॉर्डाला फोन लावला. निवासी डॉक्टर म्हणाले, 'अरे हो, आठवड्यातून एकदा. बरं झालं विचारलंत.' कार्ड बदललं. दोन मिनिटांचं काम. रुग्णाला कधी कळणारही नाही. पण त्या दिवशी घरी जाताना त्या फार्मासिस्टला आपण काय शिकलो आणि कशासाठी, हे कुणी सांगावं लागत नाही.

फोन करता येणं आणि पलीकडे तो ऐकून घेतला जाणं, एवढाच काउंटरवरच्या आणि या प्रसंगातला फरक आहे. औषधाचं ज्ञान दोघांकडे सारखंच होतं. सगळ्या हॉस्पिटलांत असं होतं असं नाही. 'तुमचं काम औषध द्यायचं, शिकवू नका' असं ऐकवणारी हॉस्पिटलंही आहेत, आणि तिथला फार्मासिस्ट काउंटरवरच्याइतकाच कोमेजतो.

फार्म. डी. झालेल्यांचं दुखणं इथेच आहे. 2008 मध्ये सुरू झालेला हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, मुख्यतः वॉर्डात रुग्णाच्या औषधांचा आढावा घेण्यासाठी आखलेला. पण तशा जागा निर्माण करणारी हॉस्पिटलं मोजकीच. त्यामुळे मुलं-मुली औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांत, क्लिनिकल ट्रायल्समध्ये जातात. पगार बरा, एसी ऑफिस, शनिवार-रविवार सुट्टी. विचारलं तर 'समाधानी' असंच उत्तर मिळतं. रुग्णाबद्दल विचारलं की मात्र गप्प होतात.

सरकारी खिडकी

प्राथमिक आरोग्य केंद्रातली औषध निर्माण अधिकाऱ्याची जागा निघाली की अर्जांचा पाऊस पडतो. कायम नोकरी, ठरलेली वेतनश्रेणी, गावात मान. तक्रार नसण्याच्या बाजूच्या जवळजवळ सगळ्या गोष्टी इथे आहेत.

सपाटीवरच्या केंद्राखाली साधारण 30 हजार लोकसंख्या धरलेली, डोंगरी आणि आदिवासी भागात 20 हजार. त्या सगळ्यांसाठी फार्मासिस्ट बहुधा एकच. ओपीडीची खिडकी तोच सांभाळतो, स्टोअर तोच, ई-औषध या साठ्याच्या संगणक प्रणालीतल्या नोंदी, मागणीपत्रं, एक्सपायरी, मोहिमांचे अहवाल सगळं त्याच्याकडे. तो रजेवर गेला तर खिडकी दुसऱ्या कुणालातरी बघावी लागते. एवढं करून त्याला सर्वांत जास्त बोलणं खावं लागतं ते पुरवठ्याबद्दल, जो त्याच्या हातात नसतो. मागणी महिनोन्‌महिने आधी दिलेली असते, आलेलं असतं भलतंच, आणि खिडकीबाहेरची बाई विचारते, 'बाहेरून आणायचं तर मग सरकारी दवाखाना कशाला?' तिचं बरोबर असतं. करासेकच्या भाषेत ही मुभा नसलेली जबाबदारी. कंत्राटी फार्मासिस्टांची गोष्ट आणखी अवघड, कारण तीच खिडकी, तेच काम, आणि कायमपणाची हमी नाही.

कंपनी, आणि बाकीच्या वाटा

औषध कंपनीतल्या क्यूए अधिकाऱ्याकडे एक मोठं हत्यार असतं: बॅच, म्हणजे एका खेपेत बनलेला औषधाचा सगळा माल, अडवणं. गुणवत्ता विभाग उत्पादनाच्या ताब्यात नसावा हे उत्तम उत्पादन पद्धतीचं मूळ तत्त्व आहे, आणि ही पद्धत बंधनकारक करणाऱ्या शेड्यूल एम या नियमांची सुधारित आवृत्ती डिसेंबर 2023 मध्ये अधिसूचित झाल्यापासून लहान कारखान्यांवरही दाब वाढला आहे. नोंदवहीत आकडा चुकला तर खाडाखोड चालत नाही. एक आडवी रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही, तारीख आणि कारण. ही शिस्त अंगवळणी पडलेल्या माणसाला तिचा अभिमान वाटतो, आणि वाटायलाच हवा. गोव्यातल्या वेर्णा-कुंडईपासून संभाजीनगरच्या वाळूजपर्यंत हजारो लाखो गोळ्या याच शिस्तीवर बाहेर पडतात. इथे असमाधान येतं ते पाळ्यांचं, ऑडिटच्या आधीच्या रात्रींचं, आणि महिनाअखेरीस 'डिस्पॅच आजच गेला पाहिजे' या दबावाचं. अडवायचा अधिकार कागदावर असतो. प्लांट हेड तो मानतो की नाही, यावर नोकरी बरी की वाईट ते ठरतं.

एमआरची नोकरी थोडक्यात सांगतो: टार्गेट पूर्ण होतं तोवर छान. औषध निरीक्षकाकडे अधिकार भरपूर, पण एकेकाच्या वाट्याला दुकानं इतकी की तपासणी पुरी पडत नाही. प्राध्यापकी एकेकाळी समाधानाची जागा होती. नवीन कॉलेजांवर देशाच्या फार्मसी कौन्सिलनं घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये अवैध ठरवली, त्यानंतर कॉलेजं वाढतच गेली. आता अनेक ठिकाणी शिकवण्याइतकंच काम जागा भरण्याचं असतं.

परदेशात पगार मिळतो, मग?

पगारानं प्रश्न सुटतो का, याचं उत्तर अमेरिकेत मिळतं. तिथे फार्मासिस्टला वर्षाला सव्वा लाख डॉलरच्या वर पगार सर्रास मिळतो. तरी सप्टेंबर 2023 मध्ये कॅन्सस सिटीतले सीव्हीएस या औषध दुकानांच्या साखळीतले अनेक फार्मासिस्ट कामावर गेले नाहीत, आणि पुढच्याच महिन्यात वॉलग्रीन्स या दुसऱ्या साखळीच्या अनेक दुकानांत तेच झालं. चिठ्ठ्या, लसी, फोन, गाडीत बसून औषध मागणाऱ्यांची रांग, हे सगळं अपुऱ्या माणसांत आणि वरून ठरवलेल्या वेळेत करायचं. अशा घाईत रुग्णाला चुकीचं औषध जाईल, ही त्यांची भीती होती.

उलट कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात 2007 पासून फार्मासिस्टना ठरावीक मर्यादेत स्वतः औषध लिहून द्यायची मुभा आहे. इंग्लंडमध्ये 31 जानेवारी 2024 पासून घसा, कान, सायनस, स्त्रियांचा साधा मूत्रमार्ग संसर्ग अशा सात तक्रारींवर फार्मासिस्ट तपासून, गरज असली तरच औषध देतो, आणि या सल्ल्याचे पैसे दुकानाला सरकार देतं. घसा दुखतोय म्हणून सेफिक्झीम मागणारा आपला गिऱ्हाईक तिथे गेला तर फार्मासिस्ट त्याला 'प्रतिजैविकाची गरज नाही' असं सांगतो, आणि सांगण्याचेच पैसे मिळवतो. इंग्लंडचे फार्मासिस्ट सुखात आहेत असं मात्र नाही. रॉयल फार्मास्युटिकल सोसायटी या तिथल्या फार्मासिस्टांच्या संस्थेच्या पाहण्यांत थकून जाण्याचा धोका असलेल्यांचं प्रमाण गेली काही वर्षं 80 टक्क्यांच्या वरच राहिलं आहे. मुभा आली, सोबत ओझंही आलं, माणसं तेवढीच राहिली.

इथून जाऊ पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. अमेरिकेत 2003 पासूनच्या पदवीधरांना किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, त्यामुळे आपला चार वर्षांचा बी. फार्म. तिथे चालत नाही, फार्म. डी. चालतो. कॅनडात बी. फार्म.वर परीक्षा देता येतात. पण त्या पुऱ्या होईपर्यंत इथला अनुभवी माणूस तिथे मदतनीस म्हणून काम करतो, आणि ती वर्षं जड जातात.

पाहणी वाचताना, आणि नोकरी घेताना

'अमुक टक्के फार्मासिस्ट समाधानी' असा आकडा दिसला की आधी बघावं, विचारलं कुणाला. जे कंटाळून क्षेत्रच सोडून गेले ते यादीत नसतात. दुकानाचा मालक आणि त्याचा नोकर एकाच रकान्यात टाकलेले असतात. नोकरी सोडायची नाही आणि काम आवडतं, ही दोन वेगळी उत्तरं एकाच आकड्यात मिसळलेली असतात. सरकारी नोकरीबद्दल तर हे हमखास होतं.

आणि तुमच्या घरात कुणी नुकतं फार्मसी करून नोकरी शोधत असेल तर मुलाखतीत पगारासोबत त्यानं तीन-चार गोष्टी विचाराव्यात. एका पाळीला फार्मासिस्ट किती? चिठ्ठीशिवाय कुणी एच-वनचं औषध मागितलं तर इथे काय करतात? शंका आली तर डॉक्टरांना मी थेट फोन करू शकतो का? कंपनी असेल तर शेवटची बॅच कधी अडवली होती आणि पुढे काय झालं? 'इथे गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही' असं पहिल्याच दिवशी ऐकवलं गेलं, तर पगार दोन हजारांनी कमी असलेलं दुसरं दुकान बघायला हरकत नाही.